आजन्म हमी, पण कोणाच्या जन्माची?

सदर : प्रपंचातील शास्त्र

आमच्या शाळेची घंटा गेली कित्येक वर्षे एकाच हाताने वाजत आली आहे. मध्य प्रदेशच्या शासकीय भाषेत ज्यांना ‘भृत्य’ म्हणतात, आणि सारी शाळा ज्यांना ‘दादा’ म्हणते, त्या आमच्या सेवकांचा तो उजवा हात. २०२५ च्या एप्रिलमध्ये मात्र उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत ती घंटा डाव्या हाताने वाजली. ठोके मागेपुढे पडत, मुले खुदखुदत. मला हसू येत नसे. दादांच्या उजव्या तर्जनीला जे चार टाके पडले होते, त्यांना मी कारण झालो होतो.

हकीकत अशी. माझा पुतण्या अमेरिकेत नोकरीस आहे. २०१७ च्या दिवाळीत तो इंदुरास आला, तेव्हा त्याने माझ्यासाठी एक घडीचा चाकू आणला. “काका, पेन्सिलीला टोक काढायला तुम्ही अजून दाढीचे ब्लेडच वापरता! हा घ्या. ह्याला आजन्म हमी आहे,” असे म्हणून त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला. अंगठ्याने पाते सारले की ते पुरते उघडे, ‘टक्’ असा आवाज होई, आणि मुठीच्या आतली एक पोलादी पट्टी पात्याच्या बुडामागे आडवी येऊन उभी राही. ती बाजूला सारल्यावाचून पाते मिटत नसे. दाराला अडसर असतो, तसा हा पात्याचा अडसर. आपण त्याला खटका म्हणू. साडेसात वर्षे तो चाकू माझ्या खिशात होता. त्याने पेरू कापले, टपालाची पाकिटे उघडली, अंगणातल्या गुलाबाचे डोळे भरले. एकदाही त्याने दगा दिला नाही.

त्या दिवशी नव्या सत्राच्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे आले होते. प्लास्टिकच्या चिवट पट्ट्यांनी ते आवळलेले असतात. दादा कात्री शोधू लागले, तेव्हा मी खिशातला चाकू काढून त्यांच्या हाती दिला. ते जरा बिचकले. “माट्साब, हा मिटला तर?” मी म्हणालो, “घाबरू नका, मिटणार नाही. खटका आहे त्याला.” तिसऱ्या गठ्ठ्याची पट्टी एकदम तुटली, हात झटक्याने वर गेला आणि पात्याची पाठ लोखंडी कपाटाच्या कडेवर आदळली. खटका सुटला. पाते मिटले ते थेट तर्जनीवर. दवाखाना, टाके, धनुर्वाताचे इंजेक्शन, हे सारे यथाक्रम झाले. दादा मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरे वाटले असते.

घरी येऊन मी त्या कंपनीवर संतापलो. कंपनीचे नाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. पुढे जे लिहिणार आहे ते कोणत्याही कंपनीच्या बाबतीत बहुधा असेच घडले असते. पुतण्याने जपून ठेवलेल्या कागदावर ‘आजन्म मर्यादित हमी’ अशी मोठ्या अक्षरांतील ओळ होती. तिच्या बळावर मी ईमेलने सविस्तर तक्रार पाठवली. उत्तर चौथ्या दिवशी आले, आणि ते सौजन्यपूर्ण होते. झालेल्या इजेबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला होता. हमी धातूतील व घडणीतील दोषांपुरती आहे, ती मूळ खरेदीदारास लागू आहे, नेहमीच्या वापराने होणारी झीज तीत येत नाही, असे त्यांनी कळवले होते. तरीही मूळ खरेदीदाराने पावतीसह चाकू पाठवल्यास तपासून पाहू, असेही होते. शेवटी एक प्रश्न होता : हा चाकू कधी खोलला होता काय?

खोलला होता. २०२१ च्या पावसाळ्यात सांध्यात गंज दिसला, म्हणून मीच पेचकसाने तो सुटा करून, पुसून, पुन्हा जोडला होता. आणि त्या कागदावर, बारीक अक्षरांत, असे करू नये म्हणून लिहिलेले होते. मुलगी म्हणाली, “बाबा, हे कळवायलाच हवे का? त्यांना कसे कळणार?” त्यांना कळले नसते, हे खरे. पण सकाळी प्रार्थनेच्या मैदानावर उभे राहून मुलांना मी काय सांगतो, ते मला ठाऊक होते. मी जे होते ते लिहिले. अपेक्षेप्रमाणे उत्तर आले की, आता हमी लागू नाही. हवे असल्यास शुल्क आकारून दुरुस्ती करता येईल. तो विषय तेथे संपला.

विषय संपला, पण कोडे सुटले नव्हते. साडेसात वर्षे नीट चाललेला खटका त्याच क्षणी का सुटला? चाकू घेऊन मी राजवाड्यामागच्या एका गल्लीत गेलो. तेथे सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे एक वृद्ध कारागीर बसतात. आपण मराठीत त्यांना शिकलगार म्हणतो, हिंदीत सिकलीगर; शब्द एकच. ‘सैकल’ म्हणजे चकाकी. शस्त्राला ती आणणारा तो शिकलगार. त्यांनी चाकू उघडून माझ्या डोळ्यांसमोर धरला आणि मुठीच्या फटीत बोट दाखवून विचारले, “माट्साब, नवा होता तेव्हा ही पट्टी कुठे बसायची?” मला आठवेना. साडेसात वर्षांत मी तेथे कधी पाहिलेच नव्हते.

त्यांनी जे दाखवले ते असे. पात्याच्या बुडाची मागची बाजू सरळ नसते. तिला थोडा तिरपा उतार दिलेला असतो. पट्टीचे टोक त्या उतारावर बाजूने चढते आणि पाचरीसारखे घट्ट बसते. नव्या चाकूत ते बुडाच्या अलीकडच्या कडेपाशी थांबते. वापराने दोन्ही पृष्ठभाग घासले की पट्टी आपल्या ताणाने थोडी अधिक आत सरकते आणि पुन्हा घट्ट बसते. झीज आपोआप भरून काढणारी ही रचना मोठी चतुर आहे. पण तिच्यातच मेख आहे. हा उतार साधारण ८ अंशांचा धरला, तर पट्टी आणि बूड मिळून मिलिमीटरचा अवघा एक दशांश भाग घासला गेला तरी पट्टीला सुमारे ०.७ मिलिमीटर आत सरकावे लागते, म्हणजे झिजेच्या सातपट. बुडाची जाडी ३ मिलिमीटर धरा. त्यातला पाव भाग नवेपणीच व्यापलेला असतो. उरलेला प्रवास संपायला फक्त एक तृतीयांश मिलिमीटरच्या आतबाहेरची झीज पुरते. मग पट्टी पलीकडच्या भिंतीला टेकते. पुढे जायला जागा नाही, आणि झीज तर थांबत नाही. माझ्या चाकूची पट्टी पलीकडच्या भिंतीला टेकलेली होती आणि तिचे टोक घासून गोल झाले होते.

मग हे आधी कळले कसे नाही? येथे शास्त्राचा एक साधा मुद्दा आहे, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यातच आहे. आपण काही कापतो तेव्हा जोर पात्याच्या धारेवर येतो, आणि तो जोर पाते उघडण्याच्या दिशेने ढकलतो. ते तसे ढकलले जाऊन मुठीतल्या एका पक्क्या खिळीवर टेकते. खटक्याला तेव्हा काहीच काम नसते. खटक्यावर भार येतो तो पात्याच्या पाठीवर दाब पडला तर. म्हणजे पाते कशात अडकून ओढले गेले, टोक भोसकले गेले, किंवा पाठ कशावर आदळली तर. पेरू कापताना आणि पाकिटे उघडताना माझ्या खटक्याची साडेसात वर्षांत परीक्षाच झाली नव्हती. परीक्षा न झालेल्या विद्यार्थ्याला मी पहिला वर्ग देऊन बसलो होतो.

घडीच्या चाकवांचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाची झीज वेगळी. स्वित्झर्लंडमध्ये इबाख येथे १८८४ साली कार्ल एल्सेनर यांनी कारखाना काढला, आणि १८९७ साली त्यांच्या प्रसिद्ध अधिकारी-चाकूची नोंदणी झाली. पुढे व्हिक्टोरिनॉक्स या नावाने गाजलेल्या या कारखान्याच्या लहान चाकवांना खटका नसतोच. पाठीची कमान दाबून धरते तेवढेच. पाते मिटू शकते हे वापरणारा जाणून असतो, म्हणून बोटे सांभाळतो. फ्रान्सच्या सव्हॉय प्रांतात जोझेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास लाकडी मुठीचा चाकू केला. त्याला १९५५ साली मार्सेल ओपिनेल यांनी फिरते पोलादी कडे बसवले. हे कडे झिजले तर ते आणखी थोडे फिरते, सैल झाले तर चिमट्याने आवळता येते. फक्त पावसाळ्यात मूठ फुगते आणि पाते उघडायला नखे दुखतात.

अमेरिकेतील बक कंपनीने १९६४ साली बाजारात आणलेल्या ११० क्रमांकाच्या चाकूत पाठीवर एक आडवा दांडा असतो, आणि त्याचा आकडा पात्याच्या बुडातल्या खाचेत उतरतो. खाचेत माती, कापसाचे तंतू किंवा फळाचा वाळलेला रस साचला की आकडा पुरता बसत नाही. आवाज होतो, पण पकड अपुरी. खाच झिजली की पाते वर-खाली डुलू लागते. माझ्या चाकूत होता तो पट्टीचा खटका मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८० च्या दशकाच्या आरंभी सुधारून रूढ केला. पुढे दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्ह यांनी पट्टी वेगळी न ठेवता मुठीचीच एक बाजू चिरून तिचा खटका केला. ही मूठ बहुधा टायटॅनियमची असते. टायटॅनियम हलका आणि न गंजणारा, पण पाणी दिलेल्या पोलादाहून मऊ. त्यामुळे त्याचे टोक पात्याला चिकटते आणि लवकर घासते. म्हणून काही कारखानदार टोकाशी पोलादाचा लहान तुकडा बसवतात. तो झिजला तर बदलता येतो. मला हा विचार आवडला. झीज होणारच हे मान्य करून, ती कोठे व्हावी हे आधीच ठरवून ठेवण्यात खरे शहाणपण आहे.

आता हमीकडे वळू. बाजारात आपण ऐकतो की गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. हा भेद दुकानदारी बोलीतला आहे. दोन्ही शब्द मुळात एकच. एक इंग्रजीत फ्रेंचच्या एका बोलीतून आला, दुसरा दुसरीतून. शब्दावरून काही ठरत नाही. त्याखाली काय लिहिले आहे त्यावरून ठरते. व्हिक्टोरिनॉक्स आपल्या चाकवांच्या साहित्यातील व कारागिरीतील दोषांवर आजीव हमी देते, विद्युत भागांवर मात्र दोन वर्षांची. नेहमीची झीज आणि गैरवापर वगळून. बक कंपनीची हमी तर ‘कायमची’ म्हणवते, पण झीज तीतही नाही, आणि चाकूचा हातोडा, छिन्नी, पहार किंवा पेचकस केला तर तीही नाही. लेदरमन ही बहुकामी अवजारांची कंपनी ‘आजन्म’ न म्हणता २५ वर्षे असा सरळ आकडा दीर्घकाळ सांगत आली आहे. शिक्षकाच्या पेशामुळे असेल, पण मला आकडा अधिक प्रामाणिक वाटतो. ‘आजन्म’ म्हटले की प्रश्न येतो : कोणाच्या जन्माची? घेणाऱ्याच्या, की चाकूच्या? आणि खटका झिजला म्हणजे चाकूचा जन्म संपला, असे कोणी म्हटले तर?

कागदावर ‘मर्यादित’ हा शब्द येतो, त्यालाही इतिहास आहे. अमेरिकेत १९७५ साली मॅग्नसन-मॉस कायदा झाला. हमी द्यायलाच हवी अशी सक्ती तो करीत नाही. पण लेखी हमी द्यायची तर ती ‘पूर्ण’ आहे की ‘मर्यादित’, हे स्पष्ट सांगायला लावतो. म्हणजे तो शब्द ग्राहकाला सावध करण्यासाठी तेथे आहे. मी ‘आजन्म’ वाचले आणि ‘मर्यादित’ वरून डोळे घसरले, तो दोष कायद्याचा नव्हे.

आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्यात ‘वॉरंटी’ला नेमका अर्थ आहे : ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात उत्पादकाच्या उत्तरदायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. वस्तूत घडणीचा दोष असला, दिलेल्या हमीबरहुकूम ती नसली, किंवा इजा टाळण्यासाठी पुरेशा सूचना दिल्या नसल्या, तर उत्पादकाला जबाब द्यावा लागतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. ती ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर प्राथमिक सल्लाही मिळतो. अमेरिकेत घेतलेल्या, स्वतः खोललेल्या, साडेसात वर्षे वापरलेल्या चाकूसाठी मी त्या वाटेस गेलो नाही. दोष आणि झीज यांतला भेद मला आता कळला होता. नवा चाकू पहिल्या महिन्यातच डुलला तर तो दोष; न खोलता, पावती घेऊन तडक दुकान गाठावे. वर्षानुवर्षांनंतर डुलला तर ती झीज, आणि झिजेची हमी जगात कोणी देत नाही. ती ज्याची त्याने पाहायची.

कशी पाहायची, ते त्या शिकलगारांनीच शिकवले. चाकू घेतल्या दिवशीच उघडून पट्टी कोठे बसते ते पाहून ठेवावे. एखादी रेघ कागदावर काढून ठेवली तर उत्तम. महिन्यातून एकदा पुन्हा पाहावे. पाते धरून हलवावे. डाव्या-उजव्या अंगाला हलले तर सांध्याचा स्क्रू सैल आहे, तो आवळता येतो. वर-खाली हलले तर खटका झिजला आहे, आणि त्याला आवळणे हा उपाय नव्हे. बोटे पात्याच्या वाटेतून दूर ठेवून पाठीवर हलका दाब देऊन पाहावा. टेबलावर आपटून मात्र परीक्षा घेऊ नये, त्या आपटण्यानेच चांगला खटका बिघडतो. झटका देऊन ऐटीत पाते उघडण्याची तरुणांना हौस असते. प्रत्येक झटका म्हणजे खटक्यावर एक घाव. खाचेतली धूळ काडीने काढावी. सांध्यात तेलाचा एकच थेंब. खटक्याच्या तोंडावर तेल साचू देऊ नये. आणि पट्टी पलीकडच्या भिंतीला टेकली की तो चाकू हातातून काढावा, मग तो कितीही आवडता असो, कोणीही दिलेला असो.

मी माझा काढला. कपाटाच्या खणात तो मिटून ठेवला आहे. पुतण्याने दुसरा पाठवू का म्हणून विचारले, तेव्हा नको म्हणालो. शाळेसाठी एक छोटी, न मिटणारी सुरी म्यानासह आणली. ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली असते.

या साऱ्यात एक गोष्ट मला अजून बोचते. कंपनीने जी हमी दिली होती, तिच्याखाली निदान बारीक अक्षरांत मर्यादा लिहिलेल्या होत्या. दादांना ‘घाबरू नका, मिटणार नाही’ अशी हमी मी दिली, तिच्याखाली काहीच लिहिलेले नव्हते. ती पूर्ण हमी होती, आणि ती देताना मी पट्टीकडे एकदाही पाहिलेले नव्हते. दादांनी विश्वास ठेवला तो चाकवावर नव्हे, माझ्यावर.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा घंटा उजव्या हाताने वाजू लागली. ठोके पूर्ववत झाले आहेत. थंडीच्या सकाळी मात्र दादांची तर्जनी नीट वळत नाही, आणि दोरी ते चारच बोटांनी धरतात. मी ते पाहतो. वाचकहो, आपल्याही घरातल्या एखाद्या खणात असा चाकू असेल. आज संध्याकाळी तो काढून, उजेडात धरून, फटीत एकदा डोकावून पाहा. आणि तो दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी तर अवश्य पाहा.